जीनगराचा पुत्र लुई ब्रेल

फ्रान्स देशात पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारे पंचवीस मैलांवर कुव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे सिमोन रने ब्रेल नावाचा एक जीनगर राहत असे. घोड्याचे खोगीर, लगाम, तंग इत्यादी साज शिवणे हा जीनगराचा धंदा. आमच्या नारायण पेठेत हुजूरपागेवरून नित्य जाणाऱ्या मुलांस तो समजावून सांगण्याचे कारण नाही. जेथे पेशव्यांची खास पागा होती, त्या पेठेत खोगीर व लगाम शिवणारांची आठवण अजून पुसली गेलेली नाही. सिमोन हा आपल्या कामात निष्णात होता. त्या काळी शेतीस, प्रवासास आणि लढाईस घोड्यावाचून गत्यंतर नसे. त्यामुळे त्याच्या कारखान्यात कामाची वाण पडत नसे. त्याची पत्नी मोनीक ही शेतकऱ्याच्या घरची. त्या दाम्पत्यास तीन मुले होती व त्यांच्या पाठीवर पुष्कळ वर्षांनी, तारीख ४ जानेवारी १८०९ रोजी, लुई हा धाकटा पुत्र जन्मला. चौथ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. शेंडेफळ म्हणून त्याचे जे कौतुक झाले असेल त्याची कल्पना आमच्या वाचक-मातांस सहज करता येईल.

लुई तीन वर्षांचा असताना, म्हणजे १८१२ साली, ज्या गोष्टीने त्याच्या आयुष्याची दिशा पालटली ती घडली. बापाचा कारखाना घराच्याच एका भागात होता. चामड्याचे तुकडे, मेणलेले दोरे, रापी, आरी ही सर्व त्या पोराची रोजची खेळणी. निदान त्याच्या दृष्टीने तरी. एके दिवशी बापाची नजर चुकवून त्याने चामड्याचा तुकडा घेतला आणि बाप करतो तसे भोक पाडावयास गेला. चामडे चिवट, हात तीन वर्षांचा. हत्यार सटकले व डोळ्यात शिरले. ते हत्यार आरी होती असे बहुतेक चरित्रकार मानतात.

घरात जी धावपळ उडाली असेल ती वर्णन करण्याची आवश्यकता नाही. गावातील एका वृद्ध स्त्रीने लिलीच्या फुलांचे पाणी लावून पाहिले, डॉक्टरांचेही उपचार झाले. परंतु जखम चिघळली व तिचा विकार दुसऱ्या, धडधाकट डोळ्यासही जडला. एका डोळ्यास खोल जखम झाली असता दुसरा डोळाही सुजून निकामी होतो, असा एक प्रकार वैद्यकास ठाऊक आहे. आज त्याजवर उपाय आहेत, पण वेळीच योग्य ठिकाणी गेले तरच. १८१२ साली जखम जंतूंमुळे चिघळते हे वैद्यकास ठाऊक नव्हते. लिस्टर साहेबांनी जखमा निर्जंतुक करण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तेव्हा त्या बिचाऱ्या म्हातारीस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्याच घरांतून दुखऱ्या डोळ्यात मध, तूप, अंगावरचे दूध किंवा कसला तरी पाला पिळण्याची चाल अद्यापि सर्वस्वी गेलेली नाही, आणि आज तर तशी सबबही आमच्यापाशी नाही. मुलाच्या डोळ्यास काही लागले तर तो न चोळता, त्यात घरचे काही न घालता, स्वच्छ फडक्याने हलकेच झाकून त्यास तत्काळ इस्पितळात न्यावे. एवढे आमच्या पालकवर्गाने ह्या कथेच्या निमित्ताने ध्यानी धरले तरी लेखणी हाती घेतल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी समूळ गेली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. चरित्रे लिहिणारे ह्या ठिकाणाहून घाईघाईने पुढे जातात, कारण त्यांस पॅरिस गाठावयाचे असते व मोठा शोध सांगावयाचा असतो. परंतु तो शोध ज्या मुळीवर वाढला ती मूळ कुव्रेच्या त्या लहानशा दगडी घरात आहे. तेथे एक बाप आहे. त्याचेच हत्यार, त्याचाच कारखाना, त्याचीच क्षणभर चुकलेली नजर, आणि समोर चाचपडत चालणारे त्याचे लेकरू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले की हे कोणाच्या पापाचे फळ, त्याच्या की त्याच्या आईबापांच्या? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक अशा घराच्या दारी येऊन उभा राहतो. आमच्याकडे तो पूर्वजन्म आणि नशीब अशा नावांनी येतो, आणि शेजारपाजारच्या कुजबुजीतून तर अधिकच टोचतो. प्रभूने त्या प्रश्नाचा रोखच पालटला. कोणाचा दोष हे पाहण्याऐवजी, ह्या मनुष्याच्या ठायी देवाचे कोणते कार्य प्रगट व्हावयाचे आहे, इकडे त्याने शिष्यांचे लक्ष वळविले. सिमोन ब्रेल हा काही पंडित नव्हता. त्याची भक्ती त्याच्या हातांनी केलेल्या वस्तूंतच वाचावी लागते, आणि त्या वस्तू पुरेशा बोलक्या आहेत.

त्याने मुलासाठी काठ्या तासल्या. मूल जसे वाढले तशी काठीही वाढली. त्या काठीने टकटक करीत लुई अंगण, मग गल्ली, मग चर्चची वाट, मग द्राक्षांच्या मळ्यांकडे जाणारा उतार, असा एकेक मुलूख काबीज करीत गेला. बापाने फळीवर वाटोळ्या माथ्याच्या चुका ठोकून अक्षरे तयार केली, व त्या चुकांवरून बोट फिरवून त्यास मुळाक्षरे शिकविली. घोड्याच्या साजास लावावयाच्या झालरी व गोंडे करण्याचे काम त्याजकडे सोपविले. ज्या कारखान्यात डोळा गेला त्या कारखान्याचे दार त्या मुलास बंद झाले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. दुसरा एखादा बाप त्या खोलीस कायमचे कुलूप लावता. आई मोनीक हिनेही त्यास चुलीजवळ बसवून ठेवले नाही. घरातली बेताबेताची कामे त्याच्या वाट्यास येत.

आणि हे सर्व सुखाच्या दिवसांत चालले होते असे कोणी समजू नये. १८१४ साली नेपोलियन बादशहाचा पाडाव झाला, शत्रूच्या फौजा फ्रान्सात उतरल्या व कुव्रे गावही त्यांच्या ताब्यात गेले. घरोघरी परके शिपाई उतरू लागले. धान्य, वैरण, जनावरे यांची मागणी होई व ती पुरवावीच लागे. ब्रेलच्या घरीही ते शिपाई येऊन राहिले. नुकतेच दृष्टी गमावलेले पाच वर्षांचे मूल, आणि घरात अनोळखी भाषा बोलणारी, बुटांचे खाड्खाड् आवाज करीत फिरणारी माणसे! त्या दोन-तीन वर्षांत आईबापांनी त्या मुलाची उमेद कशी राखली हे ज्यांनी घरात दुखणाईत मूल सांभाळले आहे त्यांसच कळेल.

१८१५ साली कुव्रेच्या चर्चला पालुई नावाचे नवे धर्मगुरू आले. त्यांनी ह्या मुलाची बुद्धी ओळखली व त्यास आपल्या घरी बोलावून शिकविण्यास आरंभ केला. शास्त्रातील कथा, फुलांचे वास, पाखरांचे आवाज, ऋतूंचे फेरे, असा तो अभ्यास होता. पुढे त्यांनीच गावचे मास्तर बेशरे यांजकडे शब्द टाकून लुईस इतर मुलांबरोबर शाळेत बसविले. आंधळ्या मुलाने शाळेत बसावे ही कल्पना त्या काळी नवलाची होती. शेजारचा एक मुलगा त्याचा हात धरून त्यास शाळेत नेई. ऐकून ऐकून तो वर्गात पुढे गेला. पण वाचणे आणि लिहिणे हे दोन दरवाजे बंदच होते. मास्तरकीचा धंदा करीत असल्यामुळे आम्हांस त्या बेशरे मास्तरांविषयी फार कौतुक वाटते. भरल्या वर्गात एका आंधळ्या मुलास सामावून घेणे हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही.

पॅरिस येथे आंधळ्या मुलांसाठी एक शाळा होती. ती स्थापन करणारे गृहस्थ व्हालांतँ आउई. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत आंधळ्या माणसांच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठमोठे चष्मे चढवून, हातात वाद्ये देऊन, लोकांच्या करमणुकीसाठी त्यांची थट्टा मांडलेली त्यांनी पाहिली होती. त्या दृश्याने त्यांचे मन पेटले व पुढे चौदा वर्षांच्या आतच त्यांनी जगातील ह्या प्रकारच्या पहिल्या शाळेचा पाया घातला. पालुई यांच्या विनंतीवरून कुव्रेच्या जहागीरदाराने ह्या शाळेकडे लिहिले व लुईस तेथे शिष्यवृत्तीवर जागा मिळाली.

आता आईबापांची खरी परीक्षा होती. मूल दहा वर्षांचे. गावात ते सुखी होते, सर्वांचे लाडके होते, बापाच्या हाताखाली त्याचे पोटही भरले असते. पॅरिस म्हणजे गर्दी, रोगराई आणि परकी माणसे. दृष्टी असलेल्या मुलास वसतिगृहात ठेवतानादेखील आमच्या मातांच्या डोळ्यांस पाणी येते, हे आम्ही दर जून महिन्यात पाहतो. तारीख १५ फेब्रुवारी १८१९ रोजी सिमोन आपल्या मुलास घोडागाडीतून घेऊन पॅरिसला गेला, आणि त्यास तेथे ठेवून एकटाच परतला. ईश्वरावर भार टाकणे ह्या शब्दांचा अर्थ आम्हांस त्या परतीच्या प्रवासात जितका स्पष्ट दिसतो तितका पुष्कळ उपदेशांतही दिसत नाही.

शाळेची इमारत जुनी, कोंदट व ओलसर होती. शिस्त कडक होती. पुस्तके होती, पण ती कशी! आउई साहेबांच्या पद्धतीप्रमाणे जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे मोठी व उठावाची छापीत. एकेक अक्षर बोटाने चाचपून ओळखावे लागे. ओळीच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभीचे विसरून जाई. पुस्तके इतकी अवजड की लहान मुलास उचलवत नसत, व ती थोडीच होती. शिवाय अशी अक्षरे मुलांस स्वतः लिहिता येत नसत, ती गोष्ट वेगळीच. तरी लुई त्या शाळेत रमला. विणकाम, सपाता करणे, गायनवादन, सर्व विषयांत त्याने बक्षिसे मिळविली.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने आपली एक युक्ती शाळेत आणली. उठावाची अक्षरे सोडून देऊन त्याने जाड कागदावर नुसते ठिपके टोचून खुणा बनविल्या होत्या. युक्ती उत्तम, परंतु अपुरी. एका खुणेत बारापर्यंत ठिपके असत, त्यामुळे ती बोटाच्या अग्राखाली मावत नसे. ती केवळ उच्चार दाखवी. शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक व संगीत यांस तीत ठाव नव्हता. बारा वर्षांच्या लुईने हे दोष हेरले. दिवसा शाळा, रात्री अंथरुणावर, आणि सुटीत कुव्रेस गेल्यावर टेकडीच्या उतारावर बसून तो ठिपके टोचीत राही. तीन वर्षांनी, १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी सिद्ध झाली.

तिची मांडणी अशी. उभ्या दोन रांगा, प्रत्येकीत तीन, असे जास्तीत जास्त सहा ठिपके. एवढी जागा बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात मावते. बोट वरखाली फिरवावे लागत नाही. ह्या सहांपैकी कोणते उमटवावयाचे व कोणते गाळावयाचे यावरून त्रेसष्ट खुणा होतात, व त्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, गणित आणि संगीताचे स्वरलेखनही बसते. लिहिताना कागद भोकांच्या पट्टीखाली धरून टोकदार लेखणीने ठिपके टोचावयाचे. उठाव कागदाच्या उलट बाजूस येतो, म्हणून लिहिणे उजवीकडून डावीकडे व वाचणे डावीकडून उजवीकडे. नारायण पेठेत ज्यांचे बालपण छापखान्यांच्या खडखडाटात गेले, केसरीवाड्यावरून जाताना शाईचा वास ज्यांच्या ओळखीचा झाला, त्यांस शाईवाचून छापणे ही कल्पना मौजेची वाटेल. पण आमच्या मनात त्याहून एक निराळीच गोष्ट घोळत राहते. ती टोचणी, ती लाकडी मुठीची टोकदार लेखणी, म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जीनगराच्या आरीचेच धाकटे भावंड आहे. ज्या जातीच्या हत्याराने डोळा घेतला त्याच जातीचे हत्यार हाती धरून त्या मुलाने जगातील सर्व अंधांस अक्षर दिले.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. १८२९ साली त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले व १८३७ साली सुधारून पुन्हा काढले. तो उत्तम ऑर्गन वाजवी व पॅरिसच्या चर्चमधून उपासनेच्या वेळी त्याने ही सेवा केली. १८३१ साली सिमोन वारला. अखेरच्या दिवसांत त्याने शाळेचे मुख्य पिन्ये यांस पत्र पाठवून आपल्या आंधळ्या मुलास अंतर न देण्याविषयी विनविले होते. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा, स्वतःच्या पायांवर उभा असलेला शिक्षक होता. पण बापाच्या दृष्टीने तो कारखान्यातले ते तीन वर्षांचे मूलच राहिला असावा.

सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास लुईस क्षय जडला. शाळेच्या ओलसर भिंतींचा त्यात वाटा असावा असे मानतात. आजारीपणाबरोबर आणखी एक दुःख आले. १८४० साली पिन्ये यांस दूर करून द्युफो हे मुख्य झाले, आणि त्यांनी ठिपक्यांच्या लिपीस शाळेत बंदी केली. डोळस शिक्षकांस जी वाचता येत नाही ती लिपी मुलांनी का शिकावी, असा तो विचार होता. (शिक्षणात विद्यार्थ्याच्या सोयीपेक्षा शिक्षकाची सोय पाहण्याचा हा रोग केवळ फ्रान्सात होता असे नाही.) पण मुलांनी चोरून लिहिणे सोडले नाही. शेवटी १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनसमारंभी गादे नावाच्या शिक्षकाने भर सभेत ह्या लिपीची महती सांगितली. मुलांनी ऐकलेला मजकूर ठिपक्यांनी लिहून तो दुसऱ्या मुलांकडून वाचवून दाखविला. त्या दिवसापासून विरोध ढासळला.

लुई ब्रेल तारीख ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, प्रभुभोजनाचा संस्कार घेऊन शांतपणे निवर्तला. मागे एक लहानशी पेटी होती. ती न उघडता जाळून टाकावी अशी त्याची इच्छा होती. उघडली तेव्हा तीत गरीब विद्यार्थ्यांनी त्याजकडून घेतलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या निघाल्या. त्या जाळण्यात आल्या. त्याची लिपी फ्रान्सने अधिकृत म्हणून स्वीकारली ती १८५४ साली, त्याच्या पश्चात दोन वर्षांनी.

आमच्या महाराष्ट्रात ही लिपी कशी आली ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १८९६-९७ व पुन्हा १९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे ज्या शेकडो अनाथ मुली आणल्या, त्यांत उपासमारीने व देवीच्या रोगाने दृष्टी गेलेल्याही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अमेरिकेत शिकत असताना ब्रेल लिपी शिकून आल्या, व मुक्तिसदनात त्या मुलींस वाचन शिकवू लागल्या. वाचावयास शिकलेल्या मुली मग दुसरींस शिकवीत. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. पुण्यात कोरेगाव पार्क येथील अंधशाळा १९३४ सालची. हिंदुस्थानातील निरनिराळ्या भाषांसाठी पूर्वी निरनिराळ्या ठिपक्यांच्या लिप्या चालत. १९५१ साली सर्वांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तीत मराठी ‘अ’ म्हणजे एकच ठिपका. ‘क’, ‘ब’, ‘म’ ह्यांच्या खुणा लुईने फ्रेंच भाषेतील त्याच उच्चारांच्या अक्षरांसाठी ठरविल्या होत्या त्याच आहेत. आणि ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ती ब्रेलमध्ये ‘क’ नंतर येते, बोलण्यात येते तशी. आमच्या पहिलीच्या मुलांस हे फार सोयीचे वाटेल!

एखाद्या वाड्याच्या ओसरीवर आजही असे एखादे मूल बसलेले दिसते. घरची माणसे प्रेमळ असतात. त्यास वेळेवर जेवू घालतात, उन्हातून आत घेतात, आल्यागेल्यापाशी हळू आवाजात त्याच्या नशिबाची गोष्ट काढतात, आणि ते मूल ती ऐकत असते. अशा घरी कोणी काठी तासून देणारा, चुका ठोकून अक्षरे करणारा, आणि वेळ आली असता घोडागाडीतून शाळेत पोहोचवून रिकाम्या हाताने परतणारा आहे काय, हे आम्ही त्या घरच्यांसच विचारतो.

१९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, फ्रेंच सरकारने लुईच्या अस्थी मोठ्या सन्मानाने पॅरिसच्या पांथेऑन नावाच्या राष्ट्रीय समाधिमंदिरात हलविल्या. कुव्रेच्या लोकांनी त्याचे हात मात्र जाऊ दिले नाहीत. ते एका लहानशा करंड्यात गावच्या दफनभूमीतील त्याच्या मूळ कबरीपाशी ठेवलेले आहेत. ज्या घरात तो जन्मला त्याचे आता संग्रहालय झाले असून, आलेल्या मुलांस तेथे जीनगराचा तो कारखाना दाखवितात.